कांद्याची अधिसूचना कशी वाचायची

कृषी अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: निवडणूक जवळ आली की कांद्याची निर्यात अडवली जाते, हा योगायोग की ठरवून? आणि परदेशाशी व्यापाराचं एवढ्या मोठ्या देशाचं धोरण खरंच घरच्या मतांवर ठरतं का? पुस्तकातलं उत्तर त्याला पाठ आहे, त्याला बाजारातलं हवंय. मी नाशिक जिल्ह्यातून कांदा बाहेर पाठवण्याच्या धंद्यात केस पिकवलेत, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो.

आधी सरळ उत्तर. हो, घरच्या राजकारणावरच ठरतं. पण 'निवडणूक आली की बंदी' हे सूत्र ढोबळ आहे आणि त्याच्या भरवशावर सौदे करणारे बुडालेले मी पाहिलेत. डिसेंबर 2010 मध्ये निर्यात थांबली तेव्हा कुठली मोठी निवडणूक दारात नव्हती. नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने लाल कांदा शेतातच नासला आणि किरकोळ बाजारात भाव 80 रुपयांपर्यंत गेले, एवढंच झालं होतं. तेव्हा पाकिस्तानातून कांदा आणायची पाळी आली आणि थोड्याच दिवसांत त्यांनीही आपली खुश्कीची वाट बंद केली.

दुसरं असं की कांद्याचं कॅलेंडर आणि विधानसभांचं कॅलेंडर मुळातच एकमेकांवर बसतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, वर्षाच्या पिकाचा साधारण दोन तृतीयांश हिस्सा तोच. तो कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा साठवणीच्या शेडमध्ये भरायचा आणि दिवाळीपर्यंत पुरवायचा. चाळीत वजन घटतं, मोड फुटतात, सड लागते, तिसरा हिस्सा गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून चाळी रिकाम्या व्हायला लागतात. नवा लाल कांदा ऑक्टोबरअखेर जेमतेम सुरू होतो, तोही परतीच्या पावसाने गाठलं नाही तर. म्हणजे भाव भडकायचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. आणि महाराष्ट्र, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्या विधानसभा कधी? ऑक्टोबर ते डिसेंबर. दिल्लीचीही 1998 आणि 2013 ची मतदानं याच काळात झाली. त्यामुळे योगायोग आहेही आणि नाहीही. भाव वाढणं हा निसर्गाचा भाग, त्यावर दोन दिवसांत फर्मान काढणं हा भीतीचा भाग.

ही भीती 1998 ची. त्या नोव्हेंबरात दिल्लीत भाजपला 70 पैकी 15 जागा मिळाल्या, काँग्रेसला 52, आणि राजस्थानही गेलं. कांद्याने सरकार पाडलं ही गोष्ट तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक पक्षाने आणि प्रत्येक सचिवाने उराशी धरली आहे. माझ्या मते ती अर्धसत्य आहे, वीज, पाणी आणि पक्षातली भांडणं यांचाही हात होता. पण धोरण आखणाऱ्याच्या मनात काय बसलंय यालाच महत्त्व असतं. दिल्ली काबीज करायची तर आझादपूर मंडीतला भाव सांभाळा, हा धडा तिथे बसला तो बसलाच.

आता निर्णय घेतं कोण? निर्यातीची बंदी किंवा किमान निर्यात मूल्य, ज्याला आम्ही एमईपी म्हणतो, ते 1992 च्या परकीय व्यापार कायद्याखाली विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, जाहीर करतं. निर्यात शुल्क अर्थ खात्याकडून येतं. पण हे दोघे सही करणारे. भावावर रोज नजर ठेवून पत्र पाठवणारं खातं तिसरंच, ग्राहक व्यवहार विभाग. मार्च 2025 मध्ये शुल्क उठलं तेव्हाच्या सरकारी पत्रकातही हे उघड लिहिलं होतं, की ग्राहक व्यवहार विभागाच्या कळवण्यावरून महसूल विभागाने अधिसूचना काढली. या सगळ्यात कृषी खातं कुठे दिसतं? मला फारसं दिसलेलं नाही. विद्यार्थी मित्राने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की पिकवणाऱ्याचं खातं आणि भाव ठरवणारं खातं वेगळं आहे. 2023 मध्ये तर वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती पीयूष गोयल यांच्याकडेच होती. निर्यात वाढवायची जबाबदारी आणि ती रोखायची गरज एकाच टेबलावर. त्यात काय जिंकलं ते आम्ही पाहिलं. जून 2024 नंतर ग्राहक व्यवहार प्रल्हाद जोशींकडे गेलं.

खरी गंमत हत्यारात आहे. सरकारकडे निर्यात आवळायचे चार-पाच मार्ग आहेत आणि त्यातला कुठला निवडला यावरून त्या घटकेला कोणाला सांभाळायचंय ते कळतं.

एमईपी घ्या. 28 ऑक्टोबर 2023 ला टनाला 800 डॉलर लावली. तेव्हाच्या 83 रुपयांच्या दराने किलोला 66 रुपयांच्या वर पडले. म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही. कागदावर निर्यात खुली, प्रत्यक्षात दुबईचा खरेदीदार त्या भावाला हात लावत नाही, कारण त्याला पाकिस्तानी माल कमी भावात मिळतो. सरकारला मात्र छातीठोक सांगता येतं की आम्ही बंदी घातलेली नाही. हे हत्यार तेव्हा का? कारण नोव्हेंबरात मध्य प्रदेश आणि राजस्थानात मतदान होतं. दोन्हीकडे खाणारे आहेत तसे पिकवणारेही आहेत, मध्य प्रदेश तर कांद्यात महाराष्ट्राच्या खालोखाल. 'बंदी' हा शब्द प्रचारात नको होता. निकाल 3 डिसेंबरला लागले आणि 7 डिसेंबरला पूर्ण बंदीची अधिसूचना निघाली. दोन तारखांमध्ये चार दिवस. सरकारच्या मनात काय होतं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण या धंद्यात आम्ही तारखाच वाचतो.

शुल्काचं वेगळं. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. बाहेरच्यांना वाटतं हे शुल्क परदेशी गिऱ्हाईक भरतो. तो कशाला भरेल? त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरलेला. मग ते निर्यातदाराच्या गणितातून वजा होतं आणि तिथून लिलावात लावलेल्या बोलीतून. शेवटी भरतो तो निफाडचा किंवा चांदवडचा शेतकरी, फक्त त्याच्या पावतीवर शुल्काचा रकाना नसतो.

त्या दिवशीचं चित्र जरा जवळून सांगतो, कारण धोरण म्हणजे काय ते तिथे दिसतं. शनिवार होता. न्हावा शेवा बंदराकडे निघालेले रीफर, म्हणजे आत गारवा राखणारे कंटेनर वाटेत, काही बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 29 टन माल, जाळीच्या गोण्यांत. ज्याचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, पुढे सरकलंय तो वाचला, ज्याचं कस्टममध्ये अडकलं त्याच्या सौद्याचा हिशेब एका सहीने उलटला. कंटेनर चालू ठेवायचा तर विजेचं भाडं तासागणिक चढतं, परत आणायचा तर गाडीभाडं दुप्पट, आणि परत आणून विकायचा कुठे, बाजार तर कोसळलेला. सोमवारपासून नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले. मंगळवारी सरकारने दोन लाख टन कांदा क्विंटलला 2,410 रुपयांनी घेण्याची घोषणा केली. देवेंद्र फडणवीस तेव्हा जपानच्या दौऱ्यावर होते, तिथून त्यांनी केंद्राशी बोलून ही बातमी दिली. तीन दिवसांत धोरणाला ठिगळ लागलं. का? कारण लिलाव बंद पडले की टीव्हीवर लासलगावची कांदा बाजारपेठ दिसते.

शनिवारचं म्हणालो ते सहज नाही. 29 सप्टेंबर 2019 ची बंदी रविवारी आली, ऑगस्ट 2023 चं शुल्क शनिवारी, ऑक्टोबरची एमईपी शनिवारी, 4 मे 2024 ला बंदी उठली तोही शनिवार. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी नवा सौदा पक्का करताना जुने लोक अजून कचरतात.

डिसेंबरच्या बंदीने लासलगावात दोन आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आले. त्यानंतर जे झालं ते मला धोरणाच्या अभ्यासकासाठी सगळ्यात बोलकं वाटतं. बंदी असतानाच सरकारने निवडक दारं उघडायला सुरुवात केली: बांगलादेशाला 50 हजार टन, संयुक्त अरब अमिरातीला 14,400 टन, शिवाय भूतान, बहारीन, मॉरिशस यांना थोडं थोडं. हा माल खासगी निर्यातदाराने पाठवायचा नव्हता, राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत सरकार-ते-सरकार जायचा होता. म्हणजे दिल्लीच्या ग्राहकाला 'कांदा बाहेर जाऊ दिला नाही' असं सांगायचं आणि शेजाऱ्याला 'तुमच्यासाठी खास सोडला' असं. एकाच बंदीतून दोघांना खूश करायचं हे कौशल्य आहे, नाही म्हणणार नाही.

मग 25 एप्रिल 2024. गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टनांची परवानगी. अधिसूचनेत अट होती की माल आणि वजन यांचा दाखला गुजरात सरकारच्या फलोत्पादन आयुक्ताकडून घ्यायचा. एका राज्याच्या अधिकाऱ्याचं नावच परवानगीच्या कागदात. पांढरा कांदा मुळात निर्यातीसाठीच पिकतो, त्याचं बियाणं महाग, त्याला खास गिऱ्हाईक लागतं, हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गुजरातचं मतदान 7 मे ला आणि आमच्या लाल-उन्हाळ कांद्याला कुलूप. नाशिकमध्ये भडका उडाला. दोन दिवसांत सरकारने पत्रक काढून सांगितलं की सहा देशांना मिळून 99,150 टनांची परवानगी आहे, ज्यातलं बरंचसं आधीच जाहीर झालेलं होतं. आणि 4 मे ला बंदी उठली, 550 डॉलर एमईपी आणि 40 टक्के शुल्कासह. दोन्ही जोडले तर किलोला 64 रुपयांच्या आसपास. निर्यात सुरू झाली अशी बातमी, आणि कंटेनर मात्र मोजकेच. जाताजाता सांगतो, जातीनिहाय सवलत ही काही गुजरातसाठी शोधलेली युक्ती नाही. 2019 च्या बंदीत कर्नाटकच्या बेंगळुरू रोजला 9,000 टन चेन्नई बंदरातून सोडले होते.

20 मे ला आमच्याकडे मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, नाशिक गेलं, आठवडाभर आधी मतदान झालेलं अहमदनगरही गेलं. कांद्यामुळेच गेलं का? पक्षफुटीचा राग, मराठा आरक्षण, संविधानाचा मुद्दा, सगळंच होतं. पण कांदापट्ट्यातला तोटा सत्ताधाऱ्यांनी स्वतःच मान्य केला. 13 सप्टेंबरला एमईपी गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, नोव्हेंबरात विधानसभा होती. आणि त्या विधानसभेत? नाशिक जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीला. म्हणजे शेतकऱ्याचा राग खरा होता, पण एका हंगामाचा होता. शुल्क अर्धं केलं, भाव बरे राहिले, लाडकी बहीण आली. दिल्लीने यातून काय शिकायचं ते शिकलंच असणार. त्याच ऑक्टोबरात लासलगावहून 1,600 टन कांदा भरून 'कांदा एक्स्प्रेस' दिवाळीआधी दिल्लीला पोचवली होती, दिल्लीत फेब्रुवारीत निवडणूक होती. दोन्ही टोकं महिन्या-सव्वा महिन्यात सांभाळली.

आता त्या पुस्तकी प्रश्नाकडे येतो. पुस्तक म्हणतं की संख्येने थोडे पण एका जागी गोळा झालेले उत्पादक नेहमी विखुरलेल्या ग्राहकांवर मात करतात. अमेरिकेची साखर, युरोपचं दूध. मग कांद्यात उलटं का? कांदा पिकवणारे तर नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर अशा पट्ट्यात दाटीने आहेत.

उत्तर आमच्याच राज्यात आहे, उसात. ऊस आणि कांदा अनेक ठिकाणी एकाच तालुक्यात, कधी एकाच गटात. पण उसाला कारखाना आहे. कारखान्याला संचालक मंडळ, सभासद, बँक, शाळा, दवाखाना, आणि बहुतेक ठिकाणी आमदार. त्यामुळे साखरेला केंद्राने किमान विक्री दर दिला, 2018 मध्ये 29 रुपये आणि 2019 मध्ये 31. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे. जादा साखर बाहेर घालवायला अनुदान दिलं आणि त्यावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांच्याशी जागतिक व्यापार संघटनेत भांडले. डिसेंबर 2021 मध्ये निकाल विरुद्ध गेला तर अपील केलं. हेच सरकार, हाच शेतकरी, फक्त पीक वेगळं. 2022 पासून साखरेची निर्यातही आवळली आहे, तेही खरं, पण तिथे आधी बैठका होतात, कोटे वाटले जातात, कारखान्यांना विचारलं जातं. कांद्याला विचारायला कोणी नाही. शेतकरी चाळीतून एकटा ट्रॅक्टर घेऊन निघतो आणि एकटाच लिलावात उभा राहतो. व्यापारी आणि निर्यातदार संघटित आहेत, पण त्यांना दिल्लीत 'साठेबाज' म्हणून ओळखतात, त्यांचं म्हणणं मांडलं की शेतकऱ्याचंच नुकसान.

ग्राहक विखुरलेला आहे हेही आता तितकंसं खरं राहिलं नाही. त्याला महागाई निर्देशांकाने गोळा केलंय. 2012 च्या पायावरच्या मालिकेत कांद्याचं वजन टक्काही नव्हतं, 0.64. पण त्याची उडी एवढी मोठी असते की तेवढ्या वजनातही तो आकडा हलवतो, आणि 2016 पासून रिझर्व्ह बँकेला 4 टक्क्यांचं लक्ष्य कायद्याने बांधून दिलंय. कांदा भडकला की व्याजदराची चर्चा सुरू होते. निफाडच्या शेतकऱ्याविरुद्ध मग दिल्लीची गृहिणीच नाही, मुंबईचा रोखे बाजारही उभा असतो.

कापसाचं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. शेतकरी, मच्छीमार आणि दुग्ध उत्पादकांच्या हिताशी तडजोड नाही, असं पंतप्रधान 7 ऑगस्टला म्हणाले. दुधाच्या बाबतीत ते पाळलंही, नोव्हेंबर 2019 मध्ये आरसीईपी या आशियाई देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडतानाही दूध हे एक मोठं कारण होतंच. पण त्याच महिन्याच्या 19 तारखेपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. ऐन विदर्भाचा कापूस घरात यायच्या वेळी. अमेरिकेच्या कराने मार बसलेल्या गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. दुधाच्या मागे सहकाराचं जाळं आहे, सूतगिरण्यांच्या मागे रोजगार आणि परकीय चलन आहे. यवतमाळच्या कापूस उत्पादकामागे कोण, ते विद्यार्थ्याने शोधावं.

या सगळ्याचा हिशेब परदेशात चुकता होतो. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या होत्या की कांदा का थांबवलात कळलं नाही, मी स्वयंपाक्याला सांगितलंय आता कांद्याशिवाय करा. पुढच्या वेळी आधी कळवा, असंही त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी 14 सप्टेंबरला न कळवता पुन्हा बंदी आली, सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या आणि ढाक्याने लेखी नाराजी कळवली. विशेष म्हणजे त्याच दिवशी लोकसभेत शेती बाजार मुक्त करणारी विधेयकं मांडली गेली होती. 2022-23 मध्ये आपण 25 लाख टन कांदा बाहेर पाठवला, 2023-24 मध्ये 17 लाख, आणि 2024-25 मध्ये 18 मार्चपर्यंत साडेअकरा लाखांच्या थोडं वर. आखातातला जुना गिऱ्हाईक अजूनही आपल्या उन्हाळ कांद्याचा रंग आणि टिकाऊपणा मानतो. पण वर्षभराचा करार तो आता आपल्याशी करत नाही, पाकिस्तान, इजिप्त, चीन यांच्यात वाटून घेतो. एक बंदी उठायला पाच महिने लागतात, गिऱ्हाईक परत यायला त्याहून कितीतरी जास्त.

पुढचं फर्मान कसं ओळखायचं, हे कोणी विचारलं नाही पण मनात असेलच. मी राजकीय बातम्यांपेक्षा तीन-चार साध्या गोष्टी पाहतो. नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी यंदा किती कांदा घेतला आणि तो दिल्लीत कधी बाहेर काढायला सुरुवात केली. स्वस्त कांद्याच्या गाड्या ऑगस्टमध्येच फिरायला लागल्या तर हात आखडता घ्यावा. कर्नाटकात सप्टेंबरचा पाऊस कसा आहे, कारण खरिपाचा पहिला माल तिथून येतो. साठ्याच्या मर्यादेची चर्चा सुरू झाली का. आणि ग्राहक व्यवहार सचिव 'पुरेसा साठा आहे, काळजीचं कारण नाही' असं आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणाले का. म्हणाले तर उघड्यावरचे सौदे मी आवरते घेतो.

आता यात एक नवा खेळाडू आलाय आणि तो आपल्या हातात नाही. बांगलादेशाने आपल्या बंद्यांचा धसका घेऊन स्वतःचा कांदा वाढवला. तिथेही शेतकरी आहेत आणि त्यांनाही हंगामात भाव लागतो. 2025 मध्ये ढाक्याने महिनोन्‌महिने आयात परवाने रोखून धरले आणि भाव फारच चढले तेव्हा मोजके सोडले. आपलं शुल्क 1 एप्रिल 2025 पासून शून्य होतं, दिल्लीकडून कुठलीच आडकाठी नव्हती, तरी नाशिकच्या चाळीत माल पडून राहिला. लासलगावचा भाव कळायला पूर्वी दिल्लीचं राजकारण वाचावं लागायचं, आता ढाक्याचंही वाचतो.